चुलीतला च, चहातला च

पांचाळकाकांनी पाण्याच्या पेल्याचं चित्र माझ्या हातातून हिसकावलं आणि डाव्या हातानं खिडकीबाहेर भिरकावलं.

"बाबा!" कालिंदी ओरडली.

मी खाली वाकून बघितलं. चित्र कॅन्टीनच्या पत्र्यावर जाऊन पडलं होतं. ताटाचं, पलंगाचं आणि संडासाचं चित्र त्याच्या आधीच तिथं पोचलं होतं. मिरजेच्या त्या हॉस्पिटलात मी वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून नुकती लागले होते, नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि चित्रांचा तो संच हॉस्पिटलचा होता.

"राहू दे," मी कालिंदीला म्हणाले. "उद्या बघू."

"उद्यापण हेच करतील. तुम्ही ओळखत नाही यांना."

खरंच ओळखत नव्हते. मला एवढंच माहीत होतं, की रंगनाथ पांचाळ नावाच्या साठीच्या घरातल्या माणसाला पक्षाघाताचा झटका आला होता, उजवा हात-पाय गेला होता आणि त्याबरोबर बोलणंही गेलं होतं. समज शाबूत होती. आपण म्हटलेलं सगळं त्यांना कळायचं. शब्द डोक्यात तयार असायचा, पण जिभेला आणि ओठांना तिथवर जायची वाट सापडायची नाही. तोंड उघडायचं, गळ्याच्या शिरा फुगायच्या, आणि बाहेर यायचं ते फक्त "हं". मग ते डोळे मिटून घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड फिरवायचे.

माझं काम होतं ती वाट पुन्हा पाडून देणं. सुरुवात रोजच्या गरजेच्या शब्दांपासून करायची, असा आमच्याकडे शिरस्ता होता. पाणी, भात, दुखतंय, नको, हो. आमचे विभागप्रमुख डॉक्टर शहापूरकर म्हणायचे, "माणसाला आधी मागता आलं पाहिजे. बाकीचं नंतर."

पांचाळकाका मात्र काही मागायलाच तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा कोणी तरी सफरचंदं आणून ठेवली होती. त्यांच्या पत्नी, वत्सलाकाकू, पिशवीतून सुरी काढून सफरचंद कापायला बसल्या. सुरी साधी नव्हती. पातं लांबट, एका बाजूनं सपाट, आणि धारेच्या वर धुक्यासारखी एक पांढुरकी रेघ गेलेली. काकांची नजर त्या सुरीवर खिळली. त्यांनी डावा हात पुढे केला आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे आपणहून बघितलं होतं.

"सुरी," मी म्हणाले. "म्हणा, सु… री."

त्यांनी तळहात गादीवर आपटला.

"चाकू?"

पुन्हा तळहात आपटला, आणखी जोरात.

"होचो," कालिंदी खिडकीपाशी उभी राहून म्हणाली. "जपानीत स्वयंपाकघरातल्या सुरीला म्हणतात. आमच्या भट्टीवर सुरी कोणी म्हणतच नाही."

"होचो," मी म्हणाले. चोरातला च लावला आणि पटकन म्हणून टाकलं.

थाप. काकूंच्या हातातली फोड खाली पडली.

"तसं नाही मॅडम. च चहातला. आणि दोन्ही ओ लांब. होऽच्योऽ."

"होऽच्योऽ," मी म्हणाले.

काकांचा हात वर उचललेला होता. तो तसाच थांबला आणि मग हळूच गादीवर टेकला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पुन्हा म्हणाले. त्यांचे ओठ गोल झाले. डावीकडे जास्त, उजवीकडे थोडेसे. घशातून हवा आली, नुसतीच हवा, आणि मग तिला आवाज मिळाला.

"होऽ…"

काकू सुरी हातात धरूनच रडायला लागल्या. काकांनी त्यांच्याकडे वैतागून बघितलं आणि मला मानेनं खुणावलं. पुढचं सांग.

*

कालिंदीनं मला हळूहळू सगळं सांगितलं. पांचाळांचं घराणं लोहाराचं. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ हे त्यांच्या आजोबांपर्यंत. काका शिकले, एका कंपनीत लागले, कंपनीनं त्यांना जपानला पाठवलं आणि तिथं त्यांनी एका म्हाताऱ्या कारागिराची भट्टी बघितली. हा कारागीर तलवारी घडवायचा. काकांनी नोकरी सोडली आणि कित्येक वर्षं त्याच्या दाराशी काढली. परत येऊन म्हैसाळ रस्त्याला त्यांनी स्वतःची भट्टी घातली. तलवारी नाहीत, सुऱ्याच, पण तलवारीच्या रीतीनं घडवलेल्या. मोठमोठ्या हॉटेलांतले आचारी त्यांच्याकडे यायचे.

"एकदा टीव्हीवाली आली होती," कालिंदी म्हणाली. "माईक पुढे धरून म्हणाली, सर, या कटाना, म्हणजे जपानी तलवारी, तुम्ही कशा बनवता? बाबांनी तिला सांगितलं, ट नाही, त. का, ता, ना, तिन्ही आखूड, तिन्ही सारखे. ती हसली आणि पुन्हा कटाना म्हणाली. बाबांनी तिला दार दाखवलं. कॅमेऱ्यासकट."

"एवढ्यासाठी?"

"मीपण तेव्हा हेच विचारलं. बाबा म्हणाले, जिला नाव नीट घ्यायचं नाही, तिला वस्तू काय दिसणार?"

मी काकांकडे बघितलं. ते ऐकत होते आणि त्यांना त्या गोष्टीचा जराही पश्चात्ताप होत नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी हॉस्पिटलचा संच कपाटात ठेवून दिला. कालिंदीनं भट्टीवरचे फोटो आणले. भट्टी, ऐरण, घण, पातं, मूठ. मी ते पलंगावर पसरले आणि काकांना म्हणाले, "तुम्हीच निवडा. कुठला शब्द हवा?"

मला स्वतःला एक शब्द सोपा वाटला होता. त्सुबा, म्हणजे तलवारीच्या मुठीपुढची चकती. दोनच अक्षरं, आणि ब म्हणताना ओठ मिटतात ते रोग्याला दिसतं. मी तो फोटो पुढे सरकवला. काकांनी तो बाजूला ढकलला. मी पुन्हा सरकवला. त्यांनी तो उचलला, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बरं, बरं," मी म्हणाले. "नको हा."

त्यांनी उचलला तो लाल पोलादाची घडी घालतानाचा फोटो. ओरीकाएशी. पाच अक्षरांचा, वेटोळा शब्द. असल्या रोग्याला असला शब्द कोणी देत नाही. मी कालिंदीकडून तो शिकून घेतला आणि आम्ही दोघं बसलो. मी म्हणायची, ते तळहात आपटायचे. मी सुधारायची, ते ऐकायचे, मग स्वतः झुंजायचे. माझ्या कामात असं कधी झालं नव्हतं. ज्याला एक अक्षर उच्चारता येत नव्हतं, तो माझे उच्चार तपासत होता आणि माझी एक चूक पोटात घालत नव्हता.

त्यानंतर सुनोबे. पोलादाची कांब लांबवतात ते. तो शब्द त्यांना लवकर आला. त्यानंतर पात्याचं टोक, किस्साकी.

"किसाकी," मी पहिल्यांदा म्हणाले.

थाप पडली नाही. काकांच्या गळ्यातून चमत्कारिक आवाज आला, मी घाबरून उठले. ते हसत होते. कालिंदीसुद्धा तोंडावर ओढणी धरून हसत होती.

"राणी म्हणालात तुम्ही," ती म्हणाली. "किसाकी म्हणजे जपानची राणी. टोक म्हणायचं तर स वर थांबायला लागतं. रस्सा म्हणता ना? तसं. किस्-साकी."

"म्हणजे पात्याला टोक हवं, राणी नको, असं ना?" मी म्हणाले.

"भट्टीवर चालणारच नाही. मी लहानपणी एकदा म्हणाले होते. आठवडाभर मला राणीसाहेब म्हणत होते."

काका हसता हसता थांबले, ओठ ताणले, आणि म्हणाले, "किस्…साकी." दोन्ही स पुरते. कालिंदी हसायची थांबली.

सगळ्यात अवघड होता तो पुढचा. तापवायच्या आधी पात्यावर मातीचा लेप देतात, धारेला पातळ, पाठीला जाड. त्याला त्सुचीओकी म्हणतात. इंग्रजी अक्षरांत लिहिलेला मी तो वाचला आणि त्-सु असा तोडून म्हणाले. थाप. सु म्हणाले. थाप. चहातला च लावून बघितला. थाप. दिवसभर थापा खाल्ल्या. संध्याकाळी डबा घेऊन काकू आल्या, आमचं ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं पोरी, चूल म्हणतीस का नाही तू? चूल, चुना? तोच की तो. पहिला चुलीतला, दुसरा चहातला. एका शब्दात दोन्ही हायत."

मी थक्क झाले. ज्या आवाजासाठी मी दिवसभर जीभ वाकडी करत होते तो मी रोज घरात बोलत होते. आपण दोन्ही एकाच अक्षरानं लिहितो, म्हणून वेगळे आहेत हे लक्षात राहत नाही, एवढंच. मी जिभेचं टोक दातामागे ठेवलं, चूल म्हणायला निघाले आणि वाटेत वळले. त्सुचीओकी.

काकांनी तळहात उलटा केला, पालथ्याचा उताणा. ही त्यांची शाबासकी होती.

*

डॉक्टर शहापूरकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी हजारो रोगी उभे केले होते. पण पांचाळांचा मुलगा केदार पुण्याहून आला, त्यानं वडिलांना "बाबा, भूक लागलीय का?" असं विचारलं, आणि वडील म्हणाले, "सुनोबे." मग तो थेट डॉक्टरांच्या खोलीत गेला. थोड्या वेळानं ते दोघं पलंगापाशी आले. डॉक्टरांच्या हातात पाण्याचा पेला होता.

"चौगुले मॅडम, महिना होत आला," डॉक्टर म्हणाले. "काय काय येतं यांना?"

मी सांगितलं. केदारचा चेहरा उतरत गेला.

"यांना पाणी मागता येत नाही," तो म्हणाला. "आणि तुम्ही यांना तलवार कशी करायची ते शिकवताय?"

"मी शिकवत नाही. त्यांनी निवडलेले शब्द आहेत."

"ते आजारी आहेत, मॅडम! त्यांनी निवडायचं?"

डॉक्टरांनी हातानं त्याला थांबवलं आणि पेला काकांच्या समोर धरला. "पांचाळसाहेब. हे काय आहे?"

काकांनी पेल्याकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे. मग बराच वेळ केदारकडे. ओठ हलले.

"मि…झु."

कालिंदीनं झटकन पाठ फिरवली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

"काय म्हणाले?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"पाणी म्हणाले, सर."

"मला तसं ऐकू आलं नाही."

"जपानीत म्हणाले."

"इथं मिरजेत यांना जपानीत पाणी कोण देणार आहे?" केदार म्हणाला. "मी यांना पुण्याला नेतोय. माझ्या घराजवळ चांगलं सेंटर आहे. ती भट्टी बंद करायची, मी ठरवलंय. ताई एकटी काय करणार तिथं? शनिवारी येतो न्यायला."

"मी पण तेच सुचवणार होतो," डॉक्टर म्हणाले. "आणि मॅडम, तोपर्यंत फक्त मराठी, फक्त गरजेचे शब्द. ही सूचना समजा."

मी काही बोलायच्या आधी काकू स्टुलावरून उठल्या. त्यांना कधी कोणापुढे मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"डॉक्टर, पाणी मागायला त्यांना तोंड कशाला लागतंय? मी हाय की. डोळे हलवले तरी मला कळतंय. तोंड लागतंय ते दुसऱ्याच कामाला."

"कसल्या कामाला?"

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं डोळे मिटून उघडले.

"ते त्यांचं त्यांना ठाऊक," काकू म्हणाल्या आणि सफरचंदाची सालं गोळा करायला लागल्या.

ते दोघं गेल्यावर काकांनी फोटोंच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. मला नुकतीच सूचना मिळाली होती. डॉक्टर अजून वॉर्डातच होते, त्यांचा आवाज ऐकू येत होता. मी दार लावलं आणि फोटो पसरले. काकांनी एकच उचलला. अंधारात लाल पातं पाण्यावर धरलेलं.

"याकीइरे," कालिंदी हळू आवाजात म्हणाली. "पाणी पाजणं. तापलेलं पातं पाण्यात घालतात ते. मी हे कधी केलेलं नाही. बाबांनी करूच दिलं नाही. घण मारायला दिलं, माती लावायला दिलं. पण याकीइरेच्या वेळी दाराबाहेर. अजून नाही, अजून नाही, असंच म्हणत राहिले."

"की आणि इ दोन्ही वेगळे?"

"हो. जोडले की शब्द मोडतो."

तो शब्द काकांना आठवडाभर येईना. 'या' म्हणाले की 'की' अडायचा, 'की' सुटला की 'रे' हरवायचा. घाम यायचा. मी थांबूया म्हटलं की थाप बसायची. शेवटी मी शब्द कापला. मागचा अर्धा भाग, नुसतं इरे. घाल. शुक्रवारी दुपारी तो आला. एकदा आला, पुन्हा आला, आणि मग येतच राहिला.

*

शनिवारी सकाळी मी वॉर्डात गेले तर पलंग रिकामा. काकूंनी सकाळीच सही करून काकांना घरी न्यायची परवानगी काढली होती. केदार दुपारी यायचा होता. खाली रिक्षा उभी होती, काका आत बसवलेले, मागे चाकांची खुर्ची बांधलेली.

"भट्टीवर चाललोय," काकू म्हणाल्या. "येतीस का?"

"काकू, माझी ड्युटी आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. रिक्षावाल्यानं दांडा ओढला. काका माझ्याकडे बघत नव्हते, समोर रस्त्याकडे बघत होते. मी पांढऱ्या कोटातच रिक्षात चढले.

भट्टीवर कालिंदीनं सगळी तयारी केली होती. झटका यायच्या आधी काकांनी घडवून ठेवलेलं एक लांब पातं होतं. त्यावर तिनं स्वतः माती लावून वाळवली होती. खिडक्यांवर पोती टांगली होती, कारण लोखंडाचा रंग उजेडात फसवतो. बाहेर लख्ख दुपार आणि आत काळोख. काकू पदर खोचून भात्याशी बसल्या आणि बाभळीचा कोळसा फुलायला लागला. काकांची खुर्ची हौदापाशी लावली. त्यांनी डावा हात पाण्यात बुडवला, बोटं हलवली, आणि मान नाही अशी हलवली. कालिंदीनं गरम पाण्याची बादली ओतली. त्यांनी पुन्हा हात घातला. मग हात काढून घेतला.

"मी आत धरते," कालिंदी मला म्हणाली. "रंग बाबा बघतील. ते इरे म्हणाले की पाण्यात. जरा लवकर झालं तर कडक होणार नाही. जरा उशीर झाला तर तडकेल."

"आणि शब्द आला नाही तर?"

तिनं सांडशीनं पातं उचललं.

पातं निखाऱ्यांत गेलं. काळं होतं ते हळूहळू दिसेनासं झालं आणि मग आतून उजळायला लागलं. कालिंदी ते पुढे-मागे सरकवत होती. काका खुर्चीत पुढे झुकले होते. त्यांचे ओठ इ च्या आकारात ताणलेले मला निखाऱ्याच्या उजेडात दिसत होते. माझ्या धंद्यात रोग्याला पहिला आवाज सुचवायची सवय असते. मी दात गच्च आवळून धरले. तो क्षण कोणता, हे त्या खोलीत एकाच माणसाला कळत होतं.

तेवढ्यात दार उघडलं.

उन्हाचा पट्टा थेट भट्टीवर पडला आणि पात्याचा रंग पुसून गेला. दारात केदार उभा होता. "आई! हे काय चाललंय? हॉस्पिटलात मला कोणी…"

"नको!"

खोलीतले सगळे जागच्या जागी थांबले. भाता थांबला. तो आवाज काकांचा होता. स्पष्ट, खणखणीत, मराठी.

केदारचा हात दारावरच राहिला. "बाबा?"

"नको," काका पुन्हा म्हणाले, आणि डाव्या हातानं दाराकडे बोट केलं.

केदारनं दार लावलं. तो आतच राहिला, दाराला पाठ लावून. कालिंदीनं पातं बाहेर काढलं होतं. ते निवू दिलं, माती तपासली आणि पुन्हा निखाऱ्यांत घातलं. काकूंनी भात्याला हात घातला. रंग पुन्हा चढला, गडद लाल, मग शेंदरी, टोकापासून मुठीपर्यंत एकसारखा.

"इरे!"

कालिंदीनं पातं पाण्यात घातलं. हौद किंचाळला, वाफेनं खोली भरली. आम्ही सगळे कान देऊन उभे होतो. आणि त्या फुसफुशीत एक बारीक आवाज आला. टिक्.

कालिंदीनं डोळे मिटले.

पातं बाहेर आलं तेव्हा टोकाजवळ केसाएवढी चीर होती. तिनं ते वडिलांच्या मांडीवर ठेवलं आणि जमिनीवरच बसली. "माझ्यामुळे," ती म्हणाली. "तुमचं शेवटचं पातं होतं, बाबा."

केदार पुढे आला. त्याचा राग गेला होता. तो वाकून म्हणाला, "ताई, उठ. बाबा, झालं ना आता? चला. गाडी बाहेर आहे."

काकांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी पातं उजेडाला धरायची खूण केली. केदारनंच पोतं थोडं सरकवलं. काकांनी चिरेवरून अंगठा फिरवला, तिच्याजवळ चिकटून राहिलेली माती नखानं खरवडली आणि चिमटीत धरून कालिंदीला दाखवली.

"किस्साकी," ते म्हणाले. मग थांबून, जीभ दातामागे ठेवून, एकेक अक्षर सोडवत म्हणाले, "त्सुची…ओकी."

कालिंदीनं मान वर केली. "टोकाला माती जाड लागली?"

त्यांनी तळहात उताणा केला.

"धारेकडे पण?"

थाप, मांडीवर. धारेकडे नाही.

"म्हणजे टोकाशी पातळ करत न्यायची. सुनोबेच्या वेळीच टोक बारीक ठेवलं असतं तर…"

पुन्हा उताणा तळहात. ती आता गुडघ्यांवर बसली होती, डोळे पुसायचं विसरून. ती विचारत होती आणि ते उत्तर देत होते. आणि तिथं मला कळलं. घडी घालणं, लांबवणं, टोक, माती, पाणी. महिनाभर त्यांनी ते शब्द माझ्याकडून कामाच्या क्रमानं घोटून घेतले होते. त्सुबा बाजूला ढकलला, कारण सुरीला चकती नसते. माझी समजूत होती, की मी एका रोग्याला बोलायला शिकवतेय. ते मात्र अर्धा राहिलेला धडा पुरा करायची तयारी करत होते, आणि विद्यार्थिनी रोज खिडकीपाशी उभी होती.

केदार बहिणीकडे आणि वडिलांकडे बघत राहिला. मग तो आईला म्हणाला, "जरा पाणी दे गं."

गाडी संध्याकाळी पुण्याला गेली. तिच्यात तो एकटाच होता.

*

हॉस्पिटलात डॉक्टर शहापूरकर माझी वाट बघत होते.

"ड्युटी सोडून गेलात. सूचना मोडलीत. रोग्याला काही झालं असतं तर?"

"तुमचं बरोबर आहे, सर."

"मग लेखी माफी द्या. मी विषय मिटवतो. तुम्ही चांगलं काम करता, मला तुम्हाला घालवायचं नाहीये."

ते मनापासून बोलत होते. माझ्या कोटाला कोळशाची काजळी लागली होती. माझं लग्न व्हायचं होतं, घरी वडील निवृत्त झालेले होते.

"ड्युटी सोडली त्याबद्दल काय कापायचं ते कापा," मी म्हणाले. "पण त्यांना त्यांचे शब्द दिले याची माफी मी मागणार नाही. त्यांना आज 'नको' म्हणता आलं, सर. मराठीत. आपल्या यादीत आहे तो शब्द."

"तो कसा आला?"

"त्यांना खरंच काही तरी नको होतं, म्हणून आला."

महिनाअखेर माझी नोकरी कायम झाली नाही. पुढे मी स्वतःचा दवाखाना काढला. डॉक्टरांनी त्यानंतर माझ्याकडे पुष्कळ रोगी पाठवले, का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पांचाळकाका पुढे बरीच वर्षं जगले. लांब वाक्य त्यांना कधीच आलं नाही. कालिंदीची पुढची दोन पातीही तडकली. आज तिच्या सुऱ्या कुठं कुठं जातात ते मी सांगत बसत नाही. टोकाजवळ माती किती पातळ लावायची, हे ती शिकवते तेव्हा पोरांचे उच्चार आधी तपासते आणि चुकलं तर टेबलावर थाप मारते.

पण मला सांगायचंय ते नोकरी गेल्यानंतरच्या आठवड्यातलं. दुपारी घरचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडे कोणी बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता. आई म्हणाली, ठेवून दे, कोणी तरी टवाळ असेल. मी ठेवला नाही. तो श्वास माझ्या ओळखीचा होता. असा श्वास घेणाऱ्या माणसाला मध्येच काही सुचवायचं नसतं. थांबायचं असतं. फोनवर माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं, मदतीला कोणी नव्हतं, मागे भाता चालू असल्याचा आवाज येत होता.

"पां…चाळ," ते म्हणाले. मग पुन्हा खूप वेळ काही नाही. मग अगदी घाईनं, निसटायच्या आत पकडल्यासारखं, "ये!"

रजा मागायला आता कोणी नव्हतं. मी स्कूटर काढली.